सात नंबरच्या खुर्चीवरून

१२ मे, तराज

नुरकेन,

अक्षर ओळखलं असशील. न ओळखल्याचं सोंग केलंस तरी चालेल, फक्त पाकीट न फोडता टाकू नकोस. सहा वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. पहिली दोन वर्षं मी केलाही नाही, तेव्हा त्यातला अर्धा दोष माझा.

तुझा थोरला भाऊ न्याय करायला बसलाय. हसलास ना? गावातही सगळे हसले. प्रांताच्या कोर्टाने यादीतून चिठ्ठ्या काढल्या आणि माझं नाव निघालं. दहा जणांच्या ज्यूरीत मी सातवा. आणि खटला कुठला, तर गायक आल्दियारचा. ज्याच्या गाण्याशिवाय आपल्याकडे एक लग्न पार पडत नाही, तो आल्दियार. सख्खा थोरला भाऊ साबिर याला मारल्याचा त्याच्यावर आरोप आहे. तुला हे माझ्याहून जास्त माहीत असेल. अल्माटीत तुझ्या औषधाच्या दुकानात दिवसभर टीव्ही चालू असतो म्हणतात.

निवड झाली त्या दिवशी वकिलाने मला विचारलं, काम काय करता. म्हटलं, गावच्या कालव्याचं पाणी वाटतो. कुणाच्या शेताला कधी, किती वेळ. तो म्हणाला, मग भांडणं होत असतील. म्हटलं, रोज होतात. पुढे विचारलं, टीव्हीवर या खटल्याबद्दल काय पाहिलंत. मी खरं तेच सांगितलं, की आमचा टीव्ही माझ्या बायकोच्या, झामालच्या ताब्यात असतो आणि तिच्या मालिकेतल्या सुनेचा छळ अजून संपलेला नाही. त्यांनी मला ठेवून घेतलं.

पाण्याची पाळी आता झामाल सांभाळते. कुदळ खांद्यावर टाकून जाते आणि एकही माणूस भांडत नाही. वीस वर्षं मी काय चुकत होतो, याचा विचार करतो आहे.

खटला संपेपर्यंत त्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही, अशी शपथ घेतलीय. म्हणून हे पत्र पाकिटात घालून कुराणाच्या पिशवीत ठेवणार. निकाल लागला की सगळी पत्रं एकदम टपालात टाकीन. तरी लिहितो, कारण रोज संध्याकाळी मनात जे साठतं ते सांगायला कुणीतरी लागतं. इथे आल्यापासून पाहतो आहे, मनातल्या मनात मी ते तुलाच सांगत असतो.

सापारगली


१५ मे

नुरकेन,

झामालच्या बहिणीकडे उतरलोय. तिचा नवरा ओराज टॅक्सी चालवतो. त्याने पहिल्याच दिवशी बायकोमुलांना दम भरला, की घरात ज्यूरीतला माणूस आहे, खटल्याचा एक शब्द काढायचा नाही. टीव्हीवर चादर टाकली. मग रोज सकाळी मला कोर्टात सोडताना स्वतःच सुरू होतो. "दादा, मी काही बोलत नाही हं. पण मेलेल्याला पाहायच्या आधीच जो रडतो, त्याला काय म्हणायचं? मी काही बोलत नाही." मी कानात बोटं घालतो. तो आरशातून बघतो आणि आणखी मोठ्याने सांगतो, मी काही बोलत नाही.

माझ्या शेजारी सहा नंबरला लिदिया कार्लोव्ना बसतात. त्यांनी चाळीस वर्षं पावाच्या कारखान्यात काम केलं. आठ नंबरला रौशान आपा, बाजारात लग्नाचे कपडे विकतात. पहिल्या दिवशी आम्हाला कळलं की कॅमेऱ्यात आमचे चेहरे दाखवायचे नाहीत, फक्त हात दिसतात. दुसऱ्या दिवशी रौशान आपा चारही बोटांत अंगठ्या घालून आल्या.

या हातांनी गंमत केली. दुपारी मला झापड येते, म्हणून खिशातले वाळवलेल्या दह्याचे खारट कुर्त चघळतो. एक खडा लिदिया कार्लोव्नांना दिला. ते साडेतीन लाख लोकांनी पाहिलं म्हणे. मी पाहिलं नाही, कोर्टाच्या शिपायाने सांगितलं आणि सांगून झाल्यावर जीभ चावली. माझ्या जपमाळेवरही एका वाहिनीवर तज्ज्ञ बोलला. सात नंबरच्या ज्यूरीची माळ सरकारी वकील बोलताना वेगाने फिरते, म्हणजे त्याचा निर्णय झालेला आहे. नुरकेन, मी तेव्हा अब्बांसाठी फातिहा पढत होतो. गुरुवार होता.

आता खटल्याचं सांगतो.

साबिर मागच्या शरदात सकाळी आपल्या तबेल्यात मरून पडलेला सापडला. डोक्याला अर्धगोल जखम. आठवड्यापूर्वी एका लग्नात दोघा भावांची बाचाबाची झालेली, आल्दियारने त्याला ढकललेलं, ते कुणीतरी फोनवर टिपलेलं. आल्दियारच्या गाडीत घोड्याचा जुना नाल सापडला. शुभ म्हणून ठेवला होता, असं तो म्हणतो. नालावर रक्ताचा अंश नाही. शवाची तपासणी करणारे डॉक्टर म्हणाले, अशी जखम हातातल्या नालाने होऊ शकते, तशी घोड्याच्या लाथेनेही होऊ शकते. तबेल्यात साबिरचा तापट घोडा मोकळाच होता. इतकंच असतं तर मी पहिल्या दिवशीच घरी निघालो असतो.

पण एक चित्रफीत आहे. शेजाऱ्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याची. त्यात आल्दियारची गाडी साबिरच्या घरापासून दोनशे पावलांवर वळणापाशी थांबते, तो उतरतो आणि "भावा रे, माझ्या भावा" असा आक्रोश करत घराकडे धावत सुटतो. घराचं दार बंद आहे. बाहेर माणूस नाही. पोलिसांना तो म्हणाला, मामांनी फोन करून भाऊ गेल्याचं सांगितलं. मामा म्हणजे अब्दिमनाप आजोबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हज करून आलेले. त्यांनीच साबिरला पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी पोलिसांकडे लिहून दिलंय, मी असं काही सांगितलेलं नाही.

मग त्याला कसं कळलं? ज्याने मारलं त्यालाच कळणार. हा प्रश्न सरकारी वकील रोज विचारतो. तरुण आहे, शहरात वाढलेला, निळ्या गणवेशात फार रुबाबदार दिसतो. देशभर तीच फीत फिरते आहे. तिला नावही दिलंय, 'आधीच फुटलेला हुंदका'.

काचेच्या पिंजऱ्यात आल्दियार मान खाली घालून बसलेला असतो. बेचाळीस वर्षांचा आहे, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. दोषी ठरला तर जन्मभर आत.

तुझ्यापासून लपवत नाही. आज कुणी मत मागितलं असतं तर मी 'दोषी' लिहिलं असतं.

सापारगली


२० मे

नुरकेन,

आज घडलं ते सगळं भर कोर्टात घडलं, देशाने पाहिलं. तेव्हा ते लिहिल्याने शपथ मोडत नाही.

अब्दिमनाप मामा साक्षीला आले. पांढरी दाढी, अंगात पायघोळ मखमली चापान, हातात काठी. बसायला खुर्ची दिली तर म्हणाले, मी उभ्यानेच खरं बोलतो. सरकारी वकिलाने विचारलं, तुम्ही आल्दियारला फोनवर सांगितलंत का, की त्याचा भाऊ मेला? मामा म्हणाले, नाही. सूचकपणे तरी? नाही म्हणजे नाही. ते असे काही तडकले की जणू त्यांच्यावरच आळ आला होता.

मग आल्दियारचा वकील उठला. अस्तानाहून आणलेला महागडा माणूस. त्याने मामांना चेपायला सुरुवात केली. वय झालंय, विसरला असाल. धक्क्यात होतात, काय बोललात ते कळलं नसेल. पोलिसांनी घाबरवलं का? मामांची मान ताठ होत गेली. शेवटी त्यांनी काठी आपटली आणि बोलणंच बंद केलं. पिंजऱ्यात आल्दियारने डोळे मिटले.

मी मामांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. वीस वर्षं पाण्याची भांडणं ऐकलीत. खोटं बोलणारा माणूस रागावतो तेव्हा त्याची नजर इकडेतिकडे फिरते. मामांची नजर सरळ भाच्यावर होती आणि तिच्यात दुखावलेपण होतं. मनात आलं, हा म्हातारा खरं बोलतोय. मग वाटलं, आल्दियारही खरं बोलत असेल तर? कालव्यावर असं बरेचदा होतं. दोघेही खरं बोलत असतात आणि शेत मात्र कोरडं असतं. अशा वेळी मी कोण खोटं ते विचारत नाही. पाणी अडवणारी फळी कधी उचलली, कुणी उचलली, किती उचलली, ते पहिल्यापासून सांगायला लावतो.

ज्यूरीला चिठ्ठीवर प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे देता येतो. मी लिहिला. चिठ्ठी लिहिणारा हातही देशाने पाहिला असेल. न्यायाधीश बाईंनी चष्मा लावून वाचला.

"सात नंबरच्या ज्यूरीचा प्रश्न. आजोबा, फोनवर तुम्ही कोणते शब्द बोललात, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत जसेच्या तसे सांगा."

मामांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाले, हा प्रश्न इतक्या महिन्यांत कुणीच विचारला नाही.

त्यांनी सांगितलं, मी आधी त्याची खुशाली विचारली. सूनबाई बरी आहे ना, मुलं बरी ना. मग म्हटलं, साबिरची तब्येत जरा जड आहे, तू ये. गाडी स्वतः चालवू नकोस, ड्रायव्हरला घे. आणि येताना कमरेला पट्टा बांधून ये.

नुरकेन, काय सांगू. मागच्या बाकावर एक म्हातारी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हुंदका देऊ लागली. रौशान आपांचा अंगठ्यांचा हात वर गेला तो खाली येईना. पट्टा बांधून ये, असं मामा स्वतः फोन करून सांगतो तेव्हा काय झालेलं असतं, ते आपल्याकडच्या दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. प्रेतापाशी उभं राहायला पट्टा बांधतात. वळणावर गाडी सोडून आक्रोश करत धावायचं, तेही त्याच रीतीतलं. आणि हे सगळं माहीत असलेले आम्ही दहाच्या दहा जण आठवडाभर ती फीत पाहत होतो आणि विचारत होतो, त्याला कसं कळलं.

सरकारी वकील उठला. "पण आजोबा, भाऊ मेला असं तुम्ही म्हणाला नाहीत."

मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरा, तुला मामा नाही का कुणी?"

हशा पिकला. न्यायाधीश बाईंनी टेबलावर टकटक केलं, पण त्यांचाही ओठ वाकला होता.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मी," मामा म्हणाले, "एवढं मोठं मरण पोलिसासारखं फोनवर तोंडावर फेकीन? आणि हा माझा भाचा सगळ्यांना सांगत सुटलाय, मामाने फोनवर सांगितलं. माझ्या आईबापाने मला एवढंच शिकवलं होतं का?"

तेव्हा कळलं. भाच्याला वाचवावं की बुडवावं हे म्हाताऱ्याच्या मनातच नव्हतं. आपण रीत मोडली असं जग समजेल, याचाच त्यांना राग होता. पिंजऱ्यातून आल्दियार म्हणाला, "मामा, चुकलो." खटला सुरू झाल्यापासून त्याचा बोलण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जाडसर आहे, गाण्यातल्यासारखाच.

न्यायाधीश बाईंनी ती फीत पुन्हा लावायला सांगितली. आज पहिल्यांदा मी त्याच्या कमरेकडे पाहिलं. कोटावरून पट्टा बांधलेला होता. तो धावायला निघतो तेव्हा ड्रायव्हर स्टिअरिंगमागून उतरतो, तेही दिसतं. ही फीत किती वेळा पाहिली होती आम्ही. हुंदका ऐकत होतो, पाहत नव्हतो.

बाहेर पडताना रौशान आपा म्हणाल्या, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता, तुम्ही आधी चिठ्ठी टाकलीत. मी म्हटलं, असेल. खरंच असेल.

सापारगली


२१ मे

नुरकेन,

हे पत्र लिहिताना तीन कागद फाडले.

आज कोर्टाला सुट्टी होती. फजरची नमाज झाल्यावर चटईवरून उठवेना. सहा वर्षांपूर्वी अब्बा गेले तेव्हा तुला फोन कुणी केला होता, असं कुणीतरी आतून विचारत राहिलं.

मी केला होता. काय शब्द बोललो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवतात. कसा आहेस. दुकान कसं चाललंय. अब्बांची तब्येत जरा जड आहे, तू ये. गाडी स्वतः चालवू नकोस. पट्ट्याचं बोललो नाही, कारण रडू फुटायच्या आत मी फोन ठेवला. वाटलं, बाकीचं त्याला कळेलच.

तुला कसं कळणार होतं? अकराव्या वर्षी मावशीने तुला अल्माटीला नेलं. नवव्या मजल्यावरचं घर, रशियन शाळा. तिथे कुणाचं मरण गावातल्यासारखं तू पाहिलंसच कधी?

तू संध्याकाळी आलास. फाटकातून शांतपणे आत आलास. रडला नाहीस, धावला नाहीस. अंगणात साठ माणसं पट्टे बांधून उभी होती आणि मी सगळ्यांच्या समोर म्हणालो, "परकी माणसं रडत आली, आणि हा बघा, बाजारातून आल्यासारखा आलाय." तिसऱ्या दिवशी निघून गेलास.

तुझ्या हातात एक पिशवी होती. त्या पिशवीमुळेच मला बाजार सुचला होता. तिच्यात काय आहे हे मी कधी विचारलं नाही. आज चटईवर बसल्या बसल्या कळलं. तू औषधाच्या दुकानातून आला होतास. वडील आजारी आहेत असं ऐकून कुठला औषधवाला मुलगा रिकाम्या हाताने निघेल?

तुझा खटला मी एका क्षणात निकाली काढला. वकील नाही, साक्षीदार नाही, एक प्रश्नसुद्धा नाही. साठ माणसांनी ऐकलं, त्यांनी आपापल्या घरी सांगितलं, आणि गावाने सहा वर्षं तेच धरून ठेवलं. टीव्हीवाल्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

माफ कर म्हणून लिहिणार होतो, पण ते पत्रातून मागणं सोपं आहे. अंगणात बोललो होतो, अंगणातच मागीन. तू येशील का, एवढंच माझं विचारायचं उरलंय.

सापारगली


२३ मे

नुरकेन,

निर्दोष.

आतल्या खोलीत कोण काय बोललं, किती मतं कुठे पडली, ते मरेपर्यंत सांगणार नाही. एवढंच सांगतो की लिदिया कार्लोव्नांनी घरून सफरचंदाचा पाव करून आणला होता आणि शेवटी एकही तुकडा उरला नाही. रडून झाल्यावर माणसाला फार भूक लागते.

निकाल वाचला तेव्हा पिंजऱ्याचं कुलूप उघडेना. शिपायाने तीन किल्ल्या लावल्या. अख्खं कोर्ट श्वास धरून त्या कुलपाकडे बघत होतं. चौथी किल्ली लागली आणि आल्दियार बाहेर आला, तर समोर अब्दिमनाप मामा काठी उगारून उभे. मारतात की काय असं वाटलं. त्यांनी विचारलं, "पुन्हा कुणाला सांगशील, मामाने फोनवर सांगितलं म्हणून?" तो म्हणाला, "नाही सांगणार." मग काठी खाली पडली आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून इतके रडले, की निळ्या गणवेशातला सरकारी वकील खाली वाकला, काठी उचलली आणि मामांना देण्यासाठी तशीच धरून उभा राहिला. नंतर त्यांच्यात काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. पण मामांनी त्याला आपल्या गावी जेवायला बोलावलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमंत्रणाचे हातवारे लांबूनही कळतात.

ओराज दारातच उभा होता. म्हणाला, दादा, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, तो निर्दोष आहे. त्याच्या बायकोने टीव्हीवरची चादर ओढून काढली. ज्या वाहिनीने हुंदक्याला नाव दिलं होतं, तिच्यावर तोच तज्ज्ञ सांगत होता की सात नंबरच्या ज्यूरीची माळ पहिल्यापासूनच दयाळूपणे फिरत होती. मी इतका हसलो की ठसका लागला.

बाजारातून जाताना जो तो हात मिळवत होता. गरम बाउरसाक तळून विकणारी पैसे घेईना. आल्दियारची गाणी पुन्हा प्रत्येक दुकानात वाजायला लागलीत. आठ महिने तीच दुकानं ती लावत नव्हती. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. माणसं खुशीत होती, चुकल्याची खुशी. अशी खुशीही असते, हे मला माहीत नव्हतं.

आता ही सगळी पाकिटं घेऊन टपालात जातो.

सापारगली


२ जून, गावाहून

नुरकेन,

परवा फोन वाजला आणि तू होतास. काय बोललास? "दादा, चष्म्याचा नंबर बदल, अक्षर वाकडं व्हायला लागलंय." मी चष्मा चाचपायला लागलो. झामालने फोन हातातून काढून घेतला. तिच्याशी तू पाऊण तास बोललास. मी कोपऱ्यात बसून नुसता तुझा आवाज ऐकला.

तिने नंतर सांगितलं. पिशवीत हृदयाच्या गोळ्या होत्या, रक्तदाबाचं यंत्र होतं आणि अब्बांना आवडणारी संत्री. गाडी स्वतः चालवू नकोस, असं मी म्हटलं म्हणून तू वाटभर बसमध्ये खुशीत होतास, की इतक्या वर्षांनी दादाला माझी काळजी वाटली. फाटकात येऊन पट्टे बांधलेली माणसं पाहिलीस आणि पाय जागीच थिजले.

मी ते ऐकून उठलो, कालव्यावर गेलो. पाणी कुणाच्याच पाळीचं नव्हतं, तरी फळी उचलून बसलो. झामालने दंड केला.

काल मी साठातल्या जितक्या घरी जाता आलं तितक्या घरी गेलो. एकेका दारात उभं राहून सांगितलं, माझा भाऊ त्या दिवशी बापासाठी औषध घेऊन आला होता. सत्तावीस घरं झाली. प्रत्येक घरात चहा प्यावा लागला. उरलेली या आठवड्यात करीन, पोटाने साथ दिली तर.

शुक्रवारी कुर्बानची ईद आहे. तू यावंस असं सांगायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. माझ्या तोंडून फोनवर 'ये' ऐकलंस तर तू पुन्हा गोळ्या घेऊन निघशील. म्हणून लिहितो, सावकाश वाच.

इथे सगळे बरे आहेत. मी बरा आहे, गुडघा सोडून. झामाल बरी आहे. करड्या घोडीला शिंगरू झालंय, दोघं बरी आहेत. छप्पर गळतं, पण ते मागच्या वर्षीही गळत होतं. शेजारचे तोक्तासिन आजोबा नव्वदीचे झाले, परवा लग्नात नाचले. कुणालाही काहीही झालेलं नाही. या ओळींच्या मागे दुसरं काही दडलेलं नाही.

नुरकेन, तू ये.

सापारगली


भाऊजी, मी झामाल. वरचं सगळं वाचलं, सगळं खरं आहे, मी साक्षीला आहे. फक्त एक गोष्ट यांनी लपवलीय. तुमचा फोन आल्यापासून हे रोज अंगण झाडतात. इतक्या वर्षांत यांनी कधी झाडू उचलला नव्हता. तुम्ही दोन दिवस उशिरा आलात तरी माझी हरकत नाही.